दुहेरी कापडाचा मोजा

मार्च १९९६, दुसरा रविवार, सकाळचे नऊ. पांडेसरा, भिकाआप्पांची खोली. हजर: आप्पांच्या पत्नी सुमनबाई, लेक संगीता, मिलमधले सहा सहकारी, आमच्या ग्लायडर क्लबचे केतनभाई आणि मी. क्लबमधलं आणखी कोणी नव्हतं. निरोप देण्याचं काम नेहमी माझ्याकडे असतं. या वेळी मी तो एकट्या केतनभाईंनाच दिला. बाकीच्यांपुढे आप्पांचं नाव काढायची हिंमत झाली नाही.

आप्पा शुक्रवारी गेले. पाळी संपवून घरी आले, पाणी मागितलं आणि सुमनबाई तांब्या घेऊन येईपर्यंत... निघताना दाराशी चपला घालत केतनभाई मला म्हणाले, "मोजो जाडो सीवी नाख्यो, भूल तो बधानी थाय. पण माणस सोनानो हतो." मोजा जाड शिवला, चूक कोणाचीही होते, असं त्यांचं म्हणणं. मी मान हलवली. त्या मान हलवण्यामुळेच हे लिहायला बसले आहे.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. डाइंगच्या कारखान्यात कापडाच्या थानाला थान, म्हणजे ताग्याला तागा, शिवून जोडायचं त्यांचं काम. आमच्या धावपट्टीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक फाटला, तेव्हा मीच त्यांना शोधून आणलं. खांबावरचा तो कापडी नळा पाहून ते हसले, "हा तर मोजा आहे ताई, पाय कोणाचा?" मिलमधल्या डागी पॉलिस्टरचा त्यांनी असा हलका मोजा शिवला, की झुळूक आली तरी शेपूट उचलायचा. मग दर रविवारी सायकलने यायला लागले. ग्लायडरला इंजिन नसतं. उतरताना वारा समोरून हवा, म्हणजे वेग मरतो. पाठीमागून असला तर ग्लायडर जमिनीला टेकायचं नाव घेत नाही, धावपट्टी संपत येते, आणि पुन्हा वर जायची सोय नसते. हे आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. आप्पा मिलच्या धुराड्यांकडे बघून सांगायचे. हिवाळ्यात आमच्याकडे सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारी उलटतो. उलटायच्या आधी थोडा वेळ सगळं थांबल्यासारखं वाटतं. "आता बघा," आप्पा म्हणायचे, आणि लांबवरचा धूर हळूच दुसऱ्या अंगावर कलायचा. केतनभाई चिडवायचे, "आप्पा, तमे तो हवामान खातुं छो!"

मोजा चार-पाच महिन्यांत विरायचा. माझ्या यादीत 'विंडसॉक बदलणे' हे काम सारखं परत यायचं, आणि परत येणारी कामं मला खपत नाहीत. मी आप्पांना म्हटलं, या वेळी दुहेरी कापड घ्या, कडांना पट्टी लावा, वर्षभर बघायला नको. त्यांनी कापड बोटांत चोळलं. "जड होईल ताई. बारीक वारा कळायचा नाही."

"टिकायला पाहिजे आप्पा."

"तुम्ही म्हणता तर शिवतो."

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली दुपार. केतनभाई वर होते. मोजा खांबाला चिकटून लोंबत होता. मी वहीत 'वारा: शांत' लिहिलं आणि धावपट्टीवरची उतरायच्या दिशेची खूण सकाळचीच राहू दिली. आप्पा धावत आले. "ताई, धूर फिरना! फिरना धूर!" घाईत त्यांच्या तोंडी अहिराणीच यायची. मी मोज्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, "आप्पा, एकदा नोंद झाली ना, मध्ये मध्ये बोलू नका." केतनभाई उतरले ते वारा पाठीशी घेऊन. ग्लायडर धावपट्टीवरून तरंगत तरंगत पुढे गेलं आणि टोकाच्या बाभळींत घुसलं. केतनभाईंच्या खांद्याचं हाड मोडलं.

अहवाल मीच लिहिला. 'विंडसॉक प्रमाणापेक्षा जड. शिलाई सदोष.' दुहेरी शिवायला कोणी सांगितलं, त्याला त्या कागदात रकाना नव्हता... आणि मी तो आखला नाही. आप्पांना बोलवायचं नाही असं समितीत ठरलं, तेही मीच त्यांना कळवलं. ते मशीनवर होते. पाय थांबवून ऐकलं. म्हणाले, "बरं. नवा कोणाकडूनही शिवा ताई, पण एकेरीच शिवा." पुढचं वर्षभर मी पांडेसऱ्यावरून सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कामावर जात राहिले. त्यांच्या गल्लीपाशी एकदाही उतरले नाही.

त्या रविवारी सगळे गेल्यावर सुमनबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. केशरी-पांढरा मोजा, एकेरी, बारीक टाक्यांचा. "तेव्हाच शिवून ठेवला होता. म्हणायचे, ताई मागतील."

परत आल्यावर यादी केली. मोजा खांबावर चढवणे: झालं. जुन्या अहवालाखाली 'दुहेरी कापड माझ्या सांगण्यावरून, धूर फिरल्याची सूचनाही मीच नाकारली' असं लिहून सही करणे: झालं. ती फाइल कोणी उघडत नाही. मोजा मात्र दर रविवारी सगळे बघतात. केतनभाई उड्डाणाआधी मान वर करतात. साध्या झुळकीवर तो उठतो, तेव्हा म्हणतात, "जुओ, छेवटे आप्पाए सुधारी लीधुं." म्हणजे शेवटी आप्पांनी आपली चूक सुधारली. आणि मी पुन्हा मान हलवते.

हा लेख पुरवणीत आला तरी ते वाचणार नाहीत, त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणजे लिहून झालं, तरी यादीतली तिसरी ओळ तशीच आहे: केतनभाईंना सांगणे.