दुखण्याचं कौतुक

शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या बोटातून एकदा मशिनची सुई आरपार गेली, तेव्हा त्यांनी चिंधी गुंडाळून आधी हातातली कॉलर पुरी केली होती. "दुखण्याचं कौतुक केलं की ते मुक्काम ठोकतं," असं त्या म्हणत. चौदा वर्षांच्या लेकीच्या दातांना तारा बसवल्या, त्या दिवशीही त्यांनी तिला हेच ऐकवलं.

लेकीने हूं की चूं केलं नाही. आठव्या दिवशी उशीच्या अभ्र्यावर रक्त दिसलं, तेव्हा काकूंनी तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तारेचं टोक गालात रुतलं होतं. बाईंनी ते कापलं आणि तारेवर मेण लावलं.

"दात सरकताना तीन-चार दिवस ठणकतं. मऊ खायचं, ठणका आपोआप उतरतो. पण टोचलं तर सोसायचं नाही, लगेच सांगायचं. का नाही सांगितलंस?"

"आमच्याकडे कोणी सांगत नाही," पोर म्हणाली.

घरी येऊन काकू मशिनवर बसल्या. चाक फिरवायला त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"खांद्यात कळ येते गं माझ्या," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मुक्काम ठोकून आहे."