पहिला सूर

ज्या हॉलमध्ये मी खुर्च्या मांडते, तिथे व्हायोलिनवाल्यांचा जुना मेळ रविवारी सरावाला बसतो. एके काळी त्यांना ऐकायला लोक रस्त्यावर उभे राहायचे म्हणतात. आता सगळे म्हातारे झालेत. त्यांची रीत अशी की आधी फर्नांडिसबाबांनी एक सूर लांब ओढायचा, मग बाकीच्यांनी त्यावर आपापल्या तारा जुळवायच्या.

फर्नांडिसबाबा गेल्या आठवड्यात वारले. आज सगळे बसले, व्हायोलिनं हनुवटीखाली धरली आणि नुसतेच थांबून राहिले.

“जोशी, तुम्ही द्या सूर. नाहीतर व्हायोलिनं पेट्यांत ठेवा, घरी जाऊ,” मागच्या खुर्चीवरून एक जण म्हणाला.

“मी? जन्मभर बाबा मला बेसूर म्हणत आला,” जोशी म्हणाले. कुणी हसलं नाही.

आमच्या घरी पहिला घास हे घ्यायचे. हे गेल्यावर ताटं वाढली, तेव्हा मुलं माझ्याकडे बघत राहिली. मी घास तोंडात घातला, तेव्हा कुठे ती जेवायला लागली.

शेवटी जोशींनी तारेवर गज टेकवला. सूर फाटला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि त्याच फाटक्या सुरावर तारा जुळवायला घेतल्या.