चार भिंतींतलं रडणं

माझ्या सासूचं नाव ओझान. आमच्या गावची सुईण होती आणि एक नंबरची भित्री. कुत्र्याला भ्यायची, ढगांच्या गडगडाटाला भ्यायची, पाद्रीबाबांना तर सगळ्यांत जास्त. आता ज्या कबरीची ही गोष्ट, तीही गवतात गेली, कुणाला सापडायची नाही, म्हणून सांगते.

टेकडीवरची गढी आणि खालची शेतं एरांबूर्ज बाईसाहेबांची, बापाकडून आलेली. नवरा रेनुफ लग्न करून मालक झालेला. बाईसाहेबांना सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या. सासूबाईंनी मला पाद्रीबाबांना आणायला पिटाळलं. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा बाईसाहेब गेल्या होत्या. कुशीत मुलगा, तोही गेलेला.

"जिवंत होता. मी पाणी घालून बाप्तिस्मा दिला," सासूबाई म्हणाल्या. मग मायलेकरांना चर्चच्या आवारात एकाच कबरीत ठेवलं.

माती सुकायच्या आत भांडण लागलं. आमच्या नॉर्मंडीतली रीत अशी, की मूल चार भिंतींत रडलेलं कुणी ऐकलं असेल, तर पुढे ते जगो वा मरो, मेलेल्या बायकोची जमीन नवऱ्याकडे राहते. रडलंच नसेल तर ती माहेरी परत, म्हणजे भाऊ फुल्ककडे. खोलीत होत्या फक्त सासूबाई. एरवी बाईच्या साक्षीला काडीची किंमत नाही. पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाहीत, तेव्हा बरी आली आमची आठवण!

रेनुफ दारात आला, घोड्यावरून उतरलासुद्धा नाही. "काय सुईणबाई, पोरगं चांगलं खणखणीत रडलं ना?"

"मालक, मी... गडबडीत..."

"नीट आठव म्हातारे. तुझं झोपडं माझ्या जमिनीवर आहे. जाळायला मला फार वेळ लागत नाही."

दुसऱ्या दिवशी फुल्कचा माणूस आला. तो हसत हसत बोलला. "नाही रडलं म्हणायचं, आजी. नाहीतर हे हात मोडतील. मग बाळंतपणं काय पायांनी करणार?"

तो गेल्यावर आम्ही वाटाणे सोलत बसलो. सासूबाईंच्या हातून दाणे सांडत होते.

"एर्सां, ते लेकरू मेलेलंच जन्मलं गं."

"अहो आई, मग बाप्तिस्मा?"

"बाईसाहेब विचारत होत्या, जिवंत आहे ना, जिवंत आहे ना. काय सांगू मी? हो म्हणाले, पाणी घातलं. त्या हसल्या आणि गेल्या."

मेलेल्याला बाप्तिस्मा देणं म्हणजे महापाप. आणि बाप्तिस्म्याविना मेलेल्याला चर्चच्या आवारात जागा नाही. हे कळलं तर कबर उकरून लेकराला आईच्या कुशीतून काढतील आणि भिंतीबाहेर पुरतील, जिथे मेलेली जनावरं पुरतात.

"मग रडलं म्हणा ना," मी म्हणाले. "निदान घर तरी वाचेल."

"त्या मेल्या रेनुफला जमीन? बाईसाहेबांच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत."

सुनावणीला चर्चसमोर सगळा गाव जमला. चांदीच्या पेटीत संताचं हाड, त्यावर हात ठेवून शपथ. खोटं बोललं तर सरळ नरक. सासूबाईंनी हात ठेवला, तसं पेटीचं झाकण खडखडायला लागलं.

"मूल जिवंत होतं?"

"होतं. ओठ हलले."

"रडलं?"

मी डोळे मिटून घेतले.

"नाही. रडलं नाही."

गढी फुल्कला गेली. कबरीला कुणी हात लावला नाही. जाता जाता रेनुफने ओढलेल्या चाबकाने सासूबाईंचा कान फाटला, तो तसाच राहिला.

त्यानंतर त्या अकरा वर्षं जगल्या. दर ईस्टरला पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून बारीकसारीक पापं सांगायच्या, ही गोष्ट सोडून. सांगितली असती तर पापातून सुटल्या असत्या. पण पाद्रीबाबा कबर उकरायला फावडं मागवतील, हेच त्यांच्या डोक्यात बसलेलं.

शेवटच्या दिवशी पाद्रीबाबा उशाशी बसले. "ओझान, अजून काही सांगायचं राहिलंय?"

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. नखं रुतली माझ्या हातात.

"नाही, बाबा."

पाद्रीबाबा गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"एर्सां, तिथे फार भाजतं का गं?"

मी त्यांचे गार पडलेले पाय चोळत बसले.