वसंताला न चढवलेलं रक्त

वसंता गेल्याचा फोन ऑफिसात आला, तेव्हा आम्ही डबे उघडत होतो. फोनवर त्याच्या शेजारचे गृहस्थ होते. बातमी सांगून झाल्यावर ते जरा घुटमळले आणि हळूच म्हणाले, "बिचारा... त्या दवाखान्यातल्या रक्तानं घात केला, नाही का?" मी म्हणालो, "हो ना." मित्राला जाऊन तासही झाला नव्हता आणि त्याच्याबद्दल माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द खोटा होता. आता दीड महिना होत आला, पण तो "हो ना" काही मला गिळता आलेला नाही.

वसंता माझा शाळेपासूनचा मित्र. चामराजपेटेत त्याचं कोट-पँट शिवायचं दुकान होतं. लग्न केलं नाही. राजाजीनगरात थोरल्या बहिणीकडे, लीलाअक्कांकडे राहायचा. आमची दोघांचीही घरं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. त्याचा हात जितका सफाईदार, तितकी जीभ तिखट. माझं पोट सुटलं तेव्हा माप घेता घेता गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "अण्णा, स्वल्प कमी जेव की. एवढ्या पन्ह्याचं कापड कुठल्या गिरणीत निघत नाही." दर शनिवारी ऑफिस सुटलं की मी त्याच्याकडे जाऊन बसायचो आणि असलं काहीबाही ऐकून हसत घरी यायचो.

दोन वर्षांपूर्वी तो वाळत चालला. तपासणी झाली, एचआयव्ही निघाला. त्यानं ते फक्त अक्कांना आणि मला सांगितलं होतं. बाहेर कुठून फुटलं, देव जाणे. मग गिऱ्हाइकं एकेक करून येऊ लागली ती न शिवलेलं कापड परत न्यायला. कुणाचं लग्न पुढं गेलेलं, कुणाच्या मुलाला अचानक रेडिमेड आवडू लागलेलं... एकानं मात्र तोंडावरच विचारलं, "सुई टोचते की हो तुम्हाला. कापडाला रक्त लागलं तर?" वसंतानं कापडाची घडी नीट केली, कागदात बांधली आणि त्याच्या हातात दिली.

मला ते बघवेना. पण एवढंच म्हटलं तर मी पुन्हा सोवळा ठरेन. लोक माझ्याकडेही बघायला लागले होते. हे दोघं सदा बरोबर असतात, म्हणजे... त्यापुढचं ते डोळ्यांनीच बोलायचे. मी घाबरलो. आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत मीच विषय काढला. मागं बनशंकरीजवळ तो स्कूटरवरून पडला होता ना, तेव्हा त्याला रक्त चढवलं, तेच दूषित निघालं, असं सांगून मोकळा झालो. तो पडला होता हे खरं. गुडघ्याला टाके पडले होते. रक्ताची बाटली माझ्या मनची.

गोष्ट लगेच चालली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशा लोकांना दया करायला निमित्त मिळालं की त्यांचा उत्साह बघावा. शहाळी घेऊन घरी येऊ लागले. "तुझी काय चूक रे यात," म्हणू लागले. कापड मात्र कुणी आणलं नाही.

एका शनिवारी मी गेलो, तर वसंतानं मशीन थांबवलं. "कुणाचं रक्त चढवलंस रे मला?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"ठाऊक आहे. पण रक्त नसतं चढवलं, तर ही माणसं आली नसती. तू तरी आला असतास?"

मी म्हणालो, हे काय विचारणं झालं?

"मग बस. झालं कसं ते सांगतो. एकदा कुणाला तरी सांगू दे."

मी घड्याळ बघितलं. म्हणालो, "नको रे. मला ठाऊक नसलेलंच बरं. कुणी विचारलं तर अडखळायला नको."

"सरी, बरं," तो म्हणाला आणि त्यानं मशीन सुरू केलं. पुन्हा त्यानं तो विषय कधी काढला नाही. उलट घरी कुणी आलं की पायजमा वर करून गुडघ्याचा व्रण दाखवायचा आणि माझी गोष्ट माझ्यापेक्षा रंगवून सांगायचा. मी शेजारी बसून मान हलवायचो. खरं तर मला भीती वाटत होती. तो जे सांगेल ते ऐकून मला त्याची किळस आली तर, याची. त्या भीतीची लाज आता कुणाला सांगू?

परवा अक्कांकडे गेलो. त्याच्या खोलीतच बसलो. रक्ताचं सारं खोटं होतं असं पेपरात लिहू का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही की. टाके घातले तेव्हा दवाखान्यात मीच होते, रक्त कुठलं आणि काय! आता लिहिलंस म्हणून कोण त्याच्याकडे कापड द्यायचं थांबणार आहे?"

बोलता बोलता त्या त्याच्या रिकाम्या पलंगावरची चादर हातानं सारखी करत होत्या. मग म्हणाल्या, "कसं झालं ते मला सांगायला तो लाजायचा. पण दर शनिवारी तुझ्यापाशी मन मोकळं करतोय, एवढं समाधान होतं मला. काय म्हणत होता रे?"

"काही नाही, अक्का," मी म्हणालो.

त्यांना वाटलं, मी अजून त्याचं गुपित राखतोय. माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या, "सरी, नको सांगू. तुझ्यासारखा मित्र होता म्हणून तरला तो."