जवळचं घर

समोरचा रिकामा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं, सोबत छोटी मुलगी. जागा बघणारे आधी नळ सोडून बघतात. या बाई मात्र मुलीचं बोट धरून, तिच्याच चालीने कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत जाऊन आल्या.

"वाटेत कुत्र्याशी गप्पा मारूनसुद्धा दहा मिनिटं!" त्या खुशीत म्हणाल्या.

"आणि तुमचं ऑफिस?" मी नवऱ्याला विचारलं.

"दोन बस बदलून जावं लागेल. होईल सवय," तो हसला.

लहानपणी मी शाळेची पहिली घंटा ऐकून घरातून निघायचो, तरी प्रार्थनेला वेळेवर पोचायचो. आपलं घर सगळ्यालाच जवळ आहे, असं वाटायचं. बाबा मात्र मी उठायच्या आत डबा घेऊन निघालेले असायचे. इतक्या लवकर का, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही.