उजवीकडची मोटर

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सगळे उस्ताद म्हणतात. हे नाव त्याला लोकांनी दिलं असेल असं वाटत असेल, तर तुम्ही फारच भोळे. त्यानं ते स्वतःच पाटीवर रंगवून घेतलं आणि दुसऱ्या कुठल्याही हाकेला ओ देणं बंद केलं. आयुष्यभर त्यानं दोनच गोष्टी केल्या. लोकांच्या माना वाकवल्या आणि स्वतःची ताठ ठेवली.

थांबलेल्या गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून त्यानं दुकानात गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम लावला. गिऱ्हाइकांच्या वाट्याला तो कधी आलाच नाही. दुपारी दुकान रिकामं झालं की उस्तादच मधल्या खुर्चीत पसरायचा, कंट्रोलर दोन्ही मुठींत धरायचा, आणि गाडी कठड्याला घासून हातात थरथर उठली की सुखानं डोळे मिटायचा. मग गाडी खड्ड्यात जायची, ती गोष्ट वेगळी.

"खरी करामत चित्रात नाही, थरथरीत आहे," गालाला फेस फासता फासता तो सांगायचा. तोंडात फेस जाईल या भीतीनं समोरचा गप्प, आणि उस्तादला श्रोता असाच लागतो. "टायर घसरला की आधी हाताला कळतं, मग डोळ्याला. पण त्याला माझ्यासारखा हात हवा. बाकीच्यांना काय, नुसत्या गुदगुल्या!"

आणि एके दिवशी या जाणकाराच्या कंट्रोलरमधल्या, थरथर उठवणाऱ्या दोन मोटरींपैकी उजवीकडची मेली. डावी मूठ थरथरायची, उजवी ढिम्म. त्यानं नवा आणला, तर त्याचीही उजवी बाजू ढिम्म.

"फसवलं मला!" तो बायकोवर गरजला. "चल माझ्याबरोबर, साक्षीला."

"खेळण्यासाठी साक्षीदार? अहो, मास्तर यायचेत दाढीला."

"बसतील वाट बघत. घरी तरी त्यांना कोण विचारतंय!"

हे मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, रोजचे गिऱ्हाईक. मागच्याच आठवड्यात त्यांच्या कानाखाली वस्तरा लागला, तेव्हा "तुम्ही हललात" असा निकाल उस्तादनं देऊन टाकला होता. मास्तर त्या वेळी घोरत होते.

गेमच्या दुकानदारानं कंट्रोलर जोडला आणि पडद्यावरून तपासणीची थरथर चालू केली. दोन्ही बाजू घुमायला लागल्या.

"चालू आहे की, काका."

"आण इकडे. तुझ्या हाताला काय कळतंय?" उस्तादनं मुठी आवळल्या. "हे बघ! डावीकडे आहे, उजवीकडे नावालाही नाही. अर्धी थरथर देतोस आणि अख्खा माल म्हणून विकतोस? अरे, या हातात वस्तरा असतो, वस्तरा! केस कुठल्या बाजूला वळलाय ते मला डोळे मिटून कळतं!"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. बायकोला दया आली, पण ती स्वतःची.

"उलटा धरा," ती म्हणाली. "त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हातात घ्या. म्हणजे एकदाचं कळेल आणि आपण घरी जाऊ."

उस्तादनं तोऱ्यात कंट्रोलर फिरवला. मेलेली मोटर डाव्या मुठीत छान थरथरत होती. मघापर्यंत धडधाकट असलेली उजव्या मुठीत गेली आणि गप्प झाली.

त्यानं पुन्हा सुलटा धरला. पुन्हा उलटा. कसाही फिरवा, उजवा हात गप्पच.

"विजेचा दाब कमी असेल," तो पुटपुटला. दुकानदार हसलासुद्धा नाही.

रस्त्यात बायकोनं विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बोटं."

"मुंग्या येतात जरा. दिवसभर केस कापायचं मशीन हातात घरघरतं, येणारच. हात माझा आहे, मी बघीन."

"हात तुमचा. माना लोकांच्या."

जगभराच्या टायरांची नाडी ओळखणाऱ्या माणसाला स्वतःची बोटं कामातून गेल्याचा पत्ता नव्हता. किंवा होता, आणि त्याचं खापर फोडायला मोटर बरी सापडली होती.

सलूनमध्ये मास्तर मान मागे टाकून तयारच बसले होते. उस्तादनं फेस लावला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. अंगठा मुठीवर टेकलाय हे त्याला दिसत होतं, जाणवत नव्हतं. बायको दारातच उभी. दाढी बंद म्हणजे धंद्याचा अर्धा रुबाब गेला, आणि पाटीवरच्या त्या शब्दाचं काय करायचं? पण समोर मास्तरांच्या गळ्यावरची शीर उडत होती.

त्यानं वस्तरा खाली ठेवला.

"मास्तर, आज दाढी नाही. ते... नळाला पाणी..." त्यानं दाराकडे पाहिलं. "हात बधिर झालाय माझा. बोटांना काही कळत नाही."

मास्तरांनी फेसातून एक डोळा उघडला. "कधीपासून?"

"दोनेक महिने."

"मग दोन महिने माझ्या गळ्यावर तू काय चालवत होतास रे?"

बायकोनं टॉवेल घेतला आणि मास्तरांचा फेस पुसायला लागली.

"उद्या डॉक्टरकडे," ती न वळता म्हणाली. "आणि तिथे हात पुढे करायचा, तोंड नाही."