तासाला तीन बोटं

दामले सर गेले, हे सांगायला महिन्यापूर्वी मंदा दारात आली. मंदा माझी शाळेतली मैत्रीण. "देवमाणूस गेला गं!" मी "हो का" म्हटलं आणि स्टोव्हवरचं दूध बघायला आत गेले. गेलेल्या माणसाबद्दल वर्तमानपत्राच्या पुरवणीत गोड लिहितात. मला ते जमणार नाही...

दहा वर्षांपूर्वी आम्ही खाडीकाठच्या बोनकोडे गावची मुलं वाशीच्या नव्या शाळेत जायचो. सर आम्हाला "खाडीवाले" म्हणायचे. सातवीत त्यांनी फळ्यावर लिहिलं, ऋण गुणिले ऋण बरोबर धन. मी विचारलं, "का, सर?" "नियम आहे. पाठ कर." मला ते पटेना. घरी बाबांना विचारलं. शेताच्या बांधाला पाणी सोडायचं दार होतं. तिथं स्वतःच्या तीन-तीन बोटांवर सुरीनं खाचा पाडलेली काठी रोवून बाबा पाणी मोजायचे. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. म्हणाले, "तासाला तीन बोटं पानी उतरतंय. मंग दोन तासांआदी कुठं व्हतं?" "सहा बोटं वर!" मी ओरडलेच. उतरणं वजा, वेळेत मागं जाणं वजा, आणि उत्तर अधिक.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन मी वर्गात उभी राहिले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मग काठी हिसकावली. "गणित शिकायला येतेस की खाडीच्या चिखलात निवट्या पकडायला?" वर्ग हसला, मंदा सगळ्यात मोठ्यानं. चाचणीत मी तेच कारण लिहिलं. पेपरवर लाल शून्य मिळालं. वर बाबांना बोलावून सांगितलं, "हिला डोकं नाही. घरी ठेवा." मास्तर खोटं कशाला बोलेल, असं बाबांना वाटलं. माझी शाळा सुटली. पुढं बाहेरून दहावी केली, पण बाबा ते बघायला नव्हते. याचा राग मला अजून येतो.

सर गेल्यावर मंदानं भेटायला ओढून नेलं म्हणून मी त्यांच्या घरी गेले. दाराआड ती खाचांची काठी उभी होती. वर शाईनं अधिक, खाली वजा, मधोमध शून्य. सरांच्या पत्नी कौतुकानं म्हणाल्या, "दरवर्षी वर्गात हीच न्यायचे हो. पाण्याचं उदाहरण त्यांनी स्वतः शोधलेलं."

"काठी माझ्या बाबांची आहे," मी म्हटलं.

"काहीतरीच काय!"

मी दोन खाचांमध्ये बोटं ठेवली. बाबांच्या तीन बोटांच्या जागेत माझी चार मावली. मंदा खाली बघत राहिली. मी काठी उचलली आणि निघाले.

आता ती माझ्या दाराआड असते. अधिक आणि वजा मी राख लावून घासून काढले. शून्य मात्र अजून निघत नाही.